काठीची सावली आणि एक चुकलेला गुण

जानेवारीअखेरच्या चाचणीत सहावीतल्या माझ्या नातीचा एक गुण गेला. प्रश्न होता, ‘काठीची सावली दिवसभरात सर्वांत लहान केव्हा असते?’ अपेक्षित उत्तर ‘दुपारी बारा वाजता’. तिने लिहिले, ‘कोल्हापुरात या दिवसांत 12.41 च्या सुमारास.’ त्यावर तांबडी फुली. “पुढच्या वेळी गपचूप बारा लिही,” असा तिच्या वडिलांचा सल्ला. मला मात्र तो मानवेना. कारण ते उत्तर तिने कुठून आणले, हे मी पाहिले होते.

जानेवारीच्या मध्यास एका रविवारी आम्ही गच्चीवर एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने तपासून सरळ उभी केली. सावली बाराला सर्वांत लहान होणार, अशी तिची खात्रीच होती. बाराला सावली भरली 82 सेंटिमीटर. पण ती आखूड होतच राहिली. साडेबारा ते बारा-पन्नास या वेळेत ती 78 च्या आसपास रेंगाळली. आता नेमका क्षण कोणता म्हणायचा? फरक मिलिमीटरांचा, आणि तिचे व तिच्या धाकट्या भावाचे माप तर एकदाही जुळेना. भांडण झाले, रडारडही झाली. अखेर तिलाच सुचले, की बाराची 82 सेंटिमीटर सावली दुपारी पुन्हा केव्हा येते ते पाहावे. ती आली 1.22 ला. दोहोंचा मध्य 12.41.

कारण पुढे नकाशात सापडले. आपली घड्याळे 82½ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. कोल्हापूर सुमारे 74¼ अंशांवर आहे. एका अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 33 मिनिटांचा उशीर. उरलेली आठेक मिनिटे पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या अक्षाची. ती वर्षभर बदलत राहतात.

या निमित्ताने मला होशंगाबादची आठवण झाली. मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्यात 1972 साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी 16 माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळाच प्रयोग आरंभिला. सहावी ते आठवीची मुले प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत आणि आपसांत वाद घालून निष्कर्ष काढीत. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरे नसत. परीक्षेला पुस्तक जवळ बाळगण्याची मुभा असे. मुले आपल्या शंका ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्राने कळवीत आणि त्यांना उत्तरेही मिळत. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. त्याच सुमारास पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन तेथे गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या बनवल्या. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील त्यांची खेळणी आपल्याकडील अनेक मुलांनी हाताळली असतील.

हा कार्यक्रम 2002 साली राज्य शासनाने बंद केला. तीस वर्षे शासकीय शाळांत, साध्या शिक्षकांच्या हातून चाललेले हे काम थांबावे, याची खंत मला आजही वाटते. प्रदर्शनासाठी बाजारातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी पाहिला, की ती अधिकच जाणवते. त्या ज्वालामुखीत मुलाचे काही चुकण्याची सोयच नसते!

नातीने आपली वही बाईंना दाखवली. गुण काही मिळाला नाही. नियमापुढे त्यांचाही नाइलाज असावा. पण फेब्रुवारीत वर्गाला मैदानावर नेऊन मोजणी करण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

दरम्यान घरात एक नवाच उद्योग सुरू झाला आहे. सायंकाळच्या जेवणासाठी आपण भिंतीवरचे सूर्यास्ताचे कोष्टक पाहतो. ते कोणत्या गावचे, हे आजवर आमच्यापैकी कोणीच विचारले नव्हते. नातीने नागपूरच्या आत्याला फोन करून तिथली वेळ विचारली, आणि ती आपल्याहून बरीच आधीची निघाली. रेखांशाच्या हिशेबाने फरक 19 मिनिटांचाच हवा. प्रत्यक्षात तो त्याहून जास्त का, यावर सध्या तिचे डोके चालले आहे. मला कारण ठाऊक आहे. अजून सांगितलेले नाही.

गच्चीवरची काठी अडगळीत टाकण्यास मात्र सक्त मनाई आहे.