परभूमींत रुजलेली ‘रिक्तहस्त’ विद्या

एखादी विद्या आपली जन्मभूमि सोडून परक्या देशीं गेली म्हणजे तिचें काय होतें, हा प्रश्न आम्हांस शिक्षक या नात्यानें नेहमींच कुतूहलाचा वाटत आला आहे. सायंकाळीं पांढरा वेष घालून व कमरेस पट्टा बांधून कराटेच्या वर्गास जाणारीं मुलें आज आपल्या पुष्कळ घरांतून दिसतात. ही विद्या जपानची, एवढें त्यांस ठाऊक असतें. परंतु खुद्द जपानांतही ती बाहेरूनच आली, आणि तिला तेथें रुजविणारे गृहस्थ एक शाळामास्तर होते, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असेल.

गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ सालीं ओकिनावा बेटावरील शुरी येथें झाला. शुरी ही त्या वेळीं रिऊक्यू राज्याची राजधानी होती. १८७९ त जपाननें तें राज्य खालसा केलें. तेथली भाषा निराळी, रीतभात निराळी. लहानपणीं अशक्त असलेल्या या मुलानें अझातो व इतोसु या दोन गुरूंपाशीं रात्रीच्या वेळीं, लोकांच्या नजरेआड, ही विद्या संपादन केली. ठराविक क्रमाच्या हालचालींच्या मालिकेस ‘काता’ म्हणतात. असा एकेक काता महिनोन् महिने घोटावा लागे. पुढें त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केली, आणि १९२२ सालीं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, शिक्षणखात्यानें भरविलेल्या शारीरिक शिक्षणाच्या प्रदर्शनांत प्रयोग दाखविण्यासाठीं ते टोकियोस गेले. परत जाण्याचा बेत होता. तो तसाच राहिला. ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनीं त्यांस आपल्या कोदोकान या संस्थेंत प्रयोगासाठीं बोलाविलें. कानो हेही शिक्षकच, टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे अनेक वर्षें प्रमुख असलेले. इकडे होआन कोसुगी या चित्रकारानें राहण्याचा आग्रह धरला, आणि फुनाकोशी टोकियोंतच राहिले.

राहिले खरे, पण कसे! ओकिनावाच्या विद्यार्थ्यांसाठीं असलेल्या वसतिगृहांत त्यांस एक लहानशी खोली मिळाली. तिच्या मोबदल्यांत दिवसा पहारा करावयाचा, खोल्या झाडावयाच्या, बागेची निगा राखावयाची, आणि उरलेल्या वेळांत तेथल्याच सभागृहांत शिकवावयाचें. पत्नी गांवींच राहिली होती. कपडे गहाण टाकण्याचीही पाळी आली. एखादा पाहुणा येई व अंगण झाडणाऱ्या या वृद्धासच कराटेचे गुरुजी कोठें आहेत म्हणून विचारी. हे त्यास थांबावयास सांगून आंत जात, वस्त्रें बदलीत, आणि पुन्हां बाहेर येऊन तो मीच म्हणून नमस्कार करीत! हा प्रकार त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविला आहे. गांवांत मान असलेल्या मास्तरानें उतारवयांत केरसुणी हातीं धरणें म्हणजे काय, हें आमच्यासारख्या पेन्शनर मनुष्यास निराळें सांगावयास नको.

विद्या रुजविण्यासाठीं त्यांनीं काय काय बदललें, तें मात्र पाहण्यासारखें आहे. वेष व श्रेणी त्यांनीं ज्युदोपासून घेतल्या; काळ्या पट्ट्याची पहिली पदवी १९२४ सालीं दिली. त्याच वर्षीं केयिओ विद्यापीठांत वर्ग सुरू झाला आणि सुशिक्षित तरुणांचें दार उघडलें. शाळेंतील मुलांसाठीं इतोसुंनीं रचलेल्या पांच ‘पिनान’ कात्यांस त्यांनीं ‘हेइआन’ हें जपानी वळणाचें नांव दिलें. पुढें तर विद्येचेंच नांव पालटलें. ‘कराटे’तील ‘करा’ पूर्वीं ‘चीन’ या अर्थाच्या चिन्हानें लिहीत. त्याऐवजीं त्याच उच्चाराचें ‘रिक्त’ या अर्थाचें चिन्ह आलें. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस येथें गंमत वाटेल: बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत आपल्या ‘शून्य’ शब्दासाठीं हेंच चिन्ह योजिलेलें आहे, आणि व्यायामशाळेस ते ज्या ‘दोजो’ शब्दानें ओळखतात तो मुळांत ‘बोधिमंडा’चें भाषांतर होय. मात्र चीनविषयीं जपानांत कडवटपणा वाढत असतांनाच हें नामांतर झालें, हेंही विसरतां येत नाहीं. तत्त्वज्ञान आणि व्यवहार यांची येथें चांगलीच गांठ पडली, असें आम्हांस वाटतें.

एक गोष्ट मात्र त्यांस मान्य नव्हती, ती म्हणजे सामने. पहिला प्रहार आपण करूं नये, हा त्यांचा दंडक. मग जिंकण्यासाठीं झुंजणें कोठून बसणार? त्यांची ‘शोतोकान’ ही शाळा १९४५ च्या हवाई हल्ल्यांत जळाली. १९४९ त शिष्यांनीं जपान कराटे असोसिएशन स्थापिली व मासातोशी नाकायामा तिचे मुख्य शिक्षक झाले. एप्रिल १९५७ त फुनाकोशी निवर्तले. अंत्यविधि कोणीं करावा यावरूनच शिष्यांत फूट पडली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत असोसिएशननें पहिली अखिल जपान स्पर्धा भरविली! गुरुजींच्या मृत्यूस पुरते सहा महिनेच झाले होते. आमच्या मनास ही घाई रुचत नाहीं. पण पुढें ही विद्या जगभर पसरली ती बव्हंशीं या सामन्यांच्या बळावरच, हें नाकारणेंही अप्रामाणिकपणाचें होईल.

इंग्लंडचेंच पहा. तेथें व्हर्नन बेल यांनीं १९५७ पासून कराटे शिकविण्यास आरंभ केला होता. १९६५ त असोसिएशनचे कासे, कानाझावा, एनोएदा व शिराई हे चार शिक्षक प्रात्यक्षिकें करीत तेथें आले. दुसऱ्या वर्षीं कराटे युनियन ऑफ ग्रेट ब्रिटन निघाली. कानाझावा गेल्यावर तिची धुरा केइनोसुके एनोएदांकडे आली. लिव्हरपूल, लंडन अशा शहरांतून इंग्रज मुलें जपानी अंकांवर पावलें टाकूं लागलीं व वर्गांत शिरतांना वांकून नमस्कार करूं लागलीं. ज्या देशानें जगास क्रिकेटची शिस्त शिकविली, तो येथें निमूट शिष्य झाला. जागतिक स्पर्धेंतील सांघिक विजेतेपद १९७० त जपाननें मिळविलें होतें. १९७२ त तें फ्रान्सकडे गेलें व १९७५ त ग्रेट ब्रिटनकडे. शिष्यानें गुरूस मागें टाकण्यास पुरतीं दहा वर्षें लागलीं.

एनोएदा २००३ सालीं वारले. त्यांच्यामागें तेथेंही टोकियोप्रमाणेंच झालें: युनियन आपल्या वाटेनें चालू राहिली, आणि जपानच्या मूळ संस्थेशीं थेट संबंध ठेवणारी दुसरी संस्था निघाली. दोन्हींकडे नवशिक्यांना आरंभीं शिकवितात ते काते मात्र हेइआनचेच, शुरीच्या मास्तरानें नांव बदलून टोकियोस नेलेले.