चेट्टिनाडमधील दोन दिवस : कोलूच्या पायऱ्या आणि जुन्या वस्तूंची गल्ली

महाराष्ट्रात शरद ऋतू येतो तो पाऊस ओसरल्यावर. तमिळनाडूत मात्र याच दिवसांत ईशान्य मोसमी पावसाची चाहूल लागते. दुपारी ऊन चटका देते आणि सायंकाळी एखादी जोरदार सर अंगण धुऊन जाते. अशा हवेत नवरात्रातील शनिवार-रविवार साधून शिवगंगा जिल्ह्यातील कारैकुडीला जावे. मदुरै आणि तिरुचिरापल्ली या दोन्ही शहरांहून मोटारीने सुमारे दोन तासांचा प्रवास आहे.

कारैकुडी हे चेट्टिनाड या प्रदेशाचे मुख्य गाव. नाट्टुकोट्टै चेट्टियार या सावकारी करणाऱ्या समाजाची ही भूमी. बँकेशी संबंध असलेल्या प्रत्येकाला या समाजाविषयी कुतूहल वाटावे असा त्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेट्टियार पेढ्या ब्रह्मदेश, सिलोन आणि मलाया येथे पसरल्या. ब्रह्मदेशातील भातशेतीला लागणारे भांडवल फार मोठ्या प्रमाणावर याच पेढ्यांनी पुरवले. रंगूनच्या मुगल स्ट्रीटवरील मंदिरात दर महिन्याला एकत्र जमून ही मंडळी आपसातील व्याजाचा दर ठरवीत. देव आणि व्याजदर एकाच छताखाली, याचे त्यांना मुळीच नवल वाटत नसे! पुढे १० फेब्रुवारी १९३७ रोजी एम. सीटी. एम. चिदंबरम् चेट्टियार यांनी इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन केली. कारैकुडी, मद्रास आणि रंगून अशा तीन ठिकाणी तिच्या शाखा एकाच दिवशी उघडल्या. छोट्या कारैकुडीचे नाव या दोन महानगरांच्या पंक्तीत कसे, याचे उत्तर गावातील वाडे पाहिल्यावर मिळते.

हे वाडे म्हणजे परदेशातील मिळकतीचे दृश्य रूप होते. खांब ब्रह्मी सागवानाचे, फरशी इटालियन संगमरवराची, आरसे बेल्जियमचे, भिंतींवरील टाइल्स जपानच्या. चुन्याच्या गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक मिसळून भिंतींना अशी झिलई देत, की हात फिरवला तर गार काचेचा भास व्हावा. दारापुढे ओटा, मग एकामागून एक चौक. चौकाच्या उतरत्या छपरावरील पाणी पन्हळींतून खाली येते व साठवले जाते. शरदातील सर नेमकी अशा चौकात उभे राहून पाहावी.

१९४२ साली जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि चेट्टियारांना तेथून पळ काढावा लागला. १९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाने जमिनींच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. कर्जापोटी हाती आलेली लक्षावधी एकर शेती त्यामुळे गेली. मिळकत आटली, वाडे तेवढे उरले. एकेका वाड्याला आज अनेक वारस असतात. कोणी चेन्नईत, कोणी सिंगापुरात. विवाह किंवा कुलाचार असला की मंडळी येतात, एरवी एखादा राखणदार दिवा लावतो. दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा यावर एकमत होत नाही. मग एक दिवस वाडा उतरवला जातो.

उतरवलेल्या वाड्यांतील वस्तू पाहायच्या तर कारैकुडीतील मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जावे. अरुंद रस्ता, दोहो बाजूंना दुकाने. आत कोरीव दारे भिंतीला टेकवून ठेवलेली. पितळी समया, पानाचे डबे, सावकाराची उतरती लेखनपेटी, स्वीडन व चेकोस्लोव्हाकियाचे शिक्के असलेली इनॅमलची भांडी. मराठी डोळ्याला ओळखीची वाटणारी वस्तूही येथे भेटते : राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापील प्रती. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला त्यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वती चेट्टिनाडच्या देवघरांत पोहोचल्या आणि गृहिणींनी त्यांच्या साड्यांवर जर व टिकल्या शिवून त्यांना अधिकच नटवले.

या दुकानांत मन दोन दिशांना ओढले जाते. खांब विकत घेणारा तो वाचवतो, हे खरे. दुकान नसते तर तो जळणात गेला असता. पण महानगरांतील उपाहारगृहांना व बंगल्यांना असे खांब हवे असतात, म्हणूनही वाडे उतरवण्याची घाई होते. लहान वस्तू घ्यावी आणि खांब जेथे उभा आहे तेथेच पाहावा, हा मध्यममार्ग बरा. काही वाड्यांची आता हॉटेले झाली आहेत. तेथे एक रात्र राहण्याचे भाडे वाड्याच्या डागडुजीला हातभार लावते. चेट्टिनाडच्या ग्रामसमूहांचा २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश आहे.

खरेदी करणाऱ्याने १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम ध्यानात ठेवावा. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे, चित्रे व कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो, शिल्पे व चित्रांची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. देवमूर्ती कोठून आली याचे समाधानकारक उत्तर विक्रेत्याजवळ नसेल, तर ती कितीही मोहक असली तरी घेऊ नये. पावती मात्र प्रत्येक वस्तूची घ्यावी. येथे नवी वस्तू जुनी करून विकण्याची कलाही अवगत आहे, हेही विसरू नये.

रविवारची सकाळ आत्तंगुडीसाठी राखावी. तेथे काचेच्या तुकड्यावर चौकट ठेवून त्यात रंगीत सिमेंट हाताने ओततात. वर वाळू-सिमेंटचा थर देऊन फरशी पाण्यात मुरवतात व वाळवतात. काचेवरून सुटलेला पृष्ठभाग भट्टीशिवायच चकाकतो. कानाडुकात्तानचे वाडे तेथून जवळच आहेत.

सायंकाळ मात्र कोलूची. कोलू म्हणजे विषम संख्येच्या पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांचा दरबार. कोठे तीन पायऱ्या, कोठे नऊ. वरती देवदेवता, खाली लग्नाची वरात, वाणी आणि त्याचे दुकान. मांडणीत ‘मरपाची’ ही लाकडी जोडी हवीच. मुलीच्या लग्नात आई-वडील ती देतात आणि तिच्या संसारातील कोलूचा आरंभ त्या जोडीने होतो. पाहुण्या स्त्रियांना हळदकुंकू, विडा आणि सुंडल, म्हणजे नारळ घालून परतलेली उसळ मिळते. आमंत्रणाचा फारसा बाऊ नसतो, ओळखीची एक व्यक्ती पुरते. झिजून नाकडोळे पुसट झालेली एखादी मरपाची जुन्या वस्तूंच्या दुकानातही दिसते, आणि ती कोणाच्या लग्नातली असेल, हा विचार मनात येतोच.

नवव्या दिवशी, आपल्याकडील खंडेनवमीला, तेथे सरस्वतीपूजन व आयुधपूजा असते. दुकानांतील तराजू, हत्यारे व हिशेबाच्या वह्या यांना चंदन-कुंकू लावतात. पूजेत ठेवलेल्या वह्यांना त्या दिवशी कोणी हात लावत नाही. विजयादशमीच्या रात्री कोलूतील एक बाहुली आडवी निजवतात. दुसऱ्या दिवशी साऱ्या बाहुल्या जुन्या मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवल्या जातात.