म्हैसूरच्या वकिलाचं काय चुकलं?

मागचं टायर फुटलं, मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस पडला आणि त्याचं डोकं फरसबंदीवर आपटलं. चालवणारा पेशाने वकील. त्याने जखमीला रुग्णालयात पोहोचवलं आणि जखम कितपत गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच तो कोर्टात निघून गेला. जखमी पुढे दगावला.

म्हैसूरच्या एका रहिवाशाने सांगितलेला हा प्रसंग जोन मिलर यांच्या 1984च्या संशोधनातला आहे. वकील असा का वागला? सांगणाऱ्याची उत्तरं अशी : अशिलासाठी कोर्टात हजर राहणं त्याचं कर्तव्यच होतं, तो गांगरला असेल, जखम वरवर तेवढी मोठी दिसली नसेल. अमेरिकी माणसांपुढे हीच घटना ठेवली, तेव्हा बोट थेट स्वभावाकडे गेलं : माणूसच बेजबाबदार!

वागण्याचं कारण परिस्थितीऐवजी स्वभावात शोधण्याच्या या खोडीबद्दल पाठ्यपुस्तकांत मानाचं पान मिळतं ते एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांच्या 1967च्या प्रयोगाला. त्यात विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. कोणती बाजू मांडायची हे लिहिणाऱ्याला ठरवून दिलं होतं, असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांना वाटलं, बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार कॅस्ट्रोवादी असणार. 1977मध्ये ली रॉस यांनी या खोडीला ‘मूलभूत गुणारोपण दोष’ म्हटलं. नाव रुळलं, आणि माणसाची बुद्धी मुळातच अशी घडलेली आहे, हा समजही त्यासोबत रुळला.

मिलर यांनी तोच समज हलवला. शिकागो आणि म्हैसूरमधल्या मुलांना व मोठ्यांना त्यांनी ओळखीच्या माणसांची चांगली-वाईट कृत्यं सांगायला लावली आणि त्यामागची कारणं विचारली. आठ वर्षांच्या मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. (सगळ्या संशोधनातली ही सर्वांत सुंदर गोष्ट!) वय वाढलं तशा वाटा वेगळ्या झाल्या : शिकागोकर स्वभावाकडे झुकले, म्हैसूरकर परिस्थितीकडे आणि नात्यागोत्यांकडे. ही सवय माणूस मोठा होता होता, आजूबाजूच्यांचं ऐकून उचलतो, असाच याचा अर्थ दिसतो.

यावरून ‘आपण भारतीय जात्याच समजूतदार’ असं ठरवणं मात्र उतावीळपणाचं. पूर्वेकडची माणसंही कॅस्ट्रोच्या सापळ्यात सापडतात. चोई आणि निस्बेट यांनी 1998मध्ये कोरियन आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना तशाच निबंधांवरून लेखकाचं मत ओळखायला सांगितलं, तेव्हा कोरियनही फसले. मग आधी विद्यार्थ्यांनाच नेमून दिलेल्या बाजूने निबंध लिहायला लावला. ती सक्ती स्वतः सोसल्यावर कोरियन विद्यार्थी सावध झाले. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या निवाड्यात फारसा फरक पडला नाही.