रक्तसंसर्गाचे ‘कारण’ आणि ‘जोखीम’

अत्यवस्थ बालकांना औषधे व पोषणद्रव्ये देण्यासाठी मोठ्या शिरेत एक बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, बसवावी लागते. हा मार्ग प्राणरक्षक खरा. परंतु त्याच मार्गाने जंतूही रक्तात शिरू शकतात. हा संसर्ग कोणत्या बालकास अधिक संभवतो हे सांगताना वैद्यक ‘जोखीम-घटक’ ही संज्ञा योजते. मराठी बोलण्यात तिच्या जागी सहजच ‘कारण’ हा शब्द येतो आणि अर्थाचा घोटाळा होतो.

संसर्गाचे कारण जंतू होत. ते मुख्यतः दोन वाटांनी येतात. त्वचेवरील जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकतात. किंवा औषधाची सिरिंज जेथे जोडतात त्या तोंडातून हाताळणीबरोबर आत जातात. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर करून राहतात आणि त्या थरात प्रतिजैविकांचा प्रभाव मंदावतो.

जोखीम-घटक म्हणजे संसर्गाचा संभव ज्यांच्यासवे वाढलेला आढळतो अशा गोष्टी. नळी अधिक दिवस राहणे, ती वारंवार उघडावी लागणे, शिरेतून पोषण देणे, रक्त चढविणे, कोवळे वय, क्षीण प्रतिकारशक्ती हे सारे त्यांत मोडतात. परंतु जे मूल अधिक आजारी, त्याचीच नळी अधिक दिवस राहते व त्यालाच रक्तही अधिक वेळा द्यावे लागते. तेव्हा केवळ साहचर्यावरून ‘रक्त दिल्यामुळे संसर्ग झाला’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. वय किंवा मूळ रोग पालटता येत नाही. नळीची निगा मात्र सुधारता येते. अमेरिकेतील २९ बालअतिदक्षता विभागांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नळी वापरात असलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचे प्रमाण ५.४ वरून ३.१ वर आले. आणि नळी बसविताना घेतलेल्या दक्षतेपेक्षा तिची नित्याची निगाच तेथे निर्णायक ठरली. हात स्वच्छ धुणे, नळीचे तोंड जंतुनाशकाने घासणे, ओली वा सुटलेली पट्टी बदलणे आणि नळीची गरज उरली आहे काय हे रोज तपासणे, एवढीच ती निगा होय.

‘मूल अशक्त होते, हेच कारण’ असे म्हटले की निगेचा प्रश्न मिटल्यासारखा वाटतो आणि आईबाप उगाच स्वतःस दोष देत राहतात. मराठीत ‘जोखीम’ या शब्दात धोका आणि जबाबदारी हे दोन्ही अर्थ नांदतात. येथे तो शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावयास हवा.