डिस्चार्जनंतरची नर्स

बिल चुकतं झालं, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की रुग्णालयाचा संबंध संपला, असा हिशोब अमेरिकेतही वर्षानुवर्षं चालत होता. त्याला पहिला धक्का नर्सेसनी दिला. 1986 मध्ये डोरोथी ब्रूटन यांच्या गटाने फिलाडेल्फियात अगदी कमी वजनाची बाळं सरासरी 11 दिवस आधी घरी सोडली. पुढे तज्ज्ञ नर्स घरी जायची, फोनवर हाताशी असायची. तरीही बाळं परत भरती होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

ब्रूटन यांच्याच विद्यापीठातल्या मेरी नेलर यांनी हे म्हाताऱ्या माणसांसाठी करून पाहिलं. 1999 मध्ये 363 रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास आला. भरती असतानाच भेटलेली नर्स घरी सोडल्यावर दोन दिवसांत दारात हजर व्हायची. 24 आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीतले 37 टक्के रुग्ण परत भरती झाले. नर्स असलेले 20 टक्के.

ती घरी जाऊन करायची तरी काय? गोळ्यांचे सगळे डबे टेबलावर ओतायला लावायची. दवाखान्यातून आलेली गोळी आणि घरातली जुनी गोळी, नावं वेगळी, औषध एकच. पेशंट दोन्ही घेतोय, हे तिथेच कळतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला ती रोज सकाळी वजन करायला शिकवते. दोन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी. धाप लागायची वाट न बघता फोन करायचा. आणि ‘समजलं ना?’ असं विचारायचं नाही. त्यावर सगळेच माना डोलावतात. ‘आता तुम्ही मला सांगा’ म्हणायचं.

इतकं सिद्ध होऊनही घरी जाणाऱ्या नर्सचा पगार द्यायला कुणी तयार नव्हतं. मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, पैसे देई ते दर भरतीमागे. परत आलेला पेशंट म्हणजे नवं बिल. 2009 मध्ये आकडा पुढे आला: मेडिकेअरचे जवळपास पाचातले एक रुग्ण 30 दिवसांत परत. मग ऑक्टोबर 2012 पासून अशा परतीच्या भरत्यांसाठी दंड सुरू झाला आणि रुग्णालयं खडबडून जागी झाली. दुसऱ्याच वर्षी एका अभ्यासात दिसलं, की नर्सेस पुरेशा असलेल्या रुग्णालयांना दंड होण्याची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी कमी. पण 2018 मध्ये अप्रिय आकडेही आले: दंडाच्या काळात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांचे घरी गेल्यानंतरचे मृत्यू वाढले होते. कारणांवर वाद आहे. मला वाटतं, दंडाला फक्त परतीच्या फेऱ्या मोजता येतात. फेरी टळली ती पेशंट सुधारला म्हणून की त्याला दारातूनच परतवून लावलं म्हणून, हे दंडाला दिसत नाही.

आपल्याकडे घरी येणारी नर्स परवडणाऱ्यांनाच. पण खाटेशेजारी नातेवाईक चोवीस तास असतात, हे भांडवल अमेरिकेकडे नाही. ‘नूरा हेल्थ’ या संस्थेने बेंगळुरूच्या नारायणा रुग्णालयात नेमकं तेच वापरलं: नर्सने वॉर्डातच घरच्यांचा वर्ग घ्यायचा, जखम कशी सांभाळायची, कशावरून घाबरायचं ते दाखवायचं. पुढे सरकारी रुग्णालयांतही हे गेलं. तीस-चाळीस खाटांमागे एक सिस्टर असलेल्या वॉर्डात या वर्गासाठी वेळ काढायचा, तर आधी ड्युटीचार्टवर आणखी एक नाव लागेल.