तळघराचा जमाखर्च

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे वाडवडील सांगून गेले. तळघराविषयी मात्र त्यांनी काही म्हटलेले नाही. वरच्या मजल्याचा खर्च निदान डोळ्यांना दिसतो. तळघराचा खर्च जमिनीखाली असतो, आणि विहिरीच्या पाण्याप्रमाणे तो खणल्यावाचून कळत नाही. आमच्या आटपाडीच्या जुन्या घराचे तळघर आम्ही नुकतेच वापरते केले. सारी उमर हिशेबाच्या टेबलाशी गेलेली असल्यामुळे त्याचा जमाखर्च साहजिकच माझ्याकडे आला. दर दिवाळीला ज्यांच्या घरी फराळाच्या ताटाबरोबर ‘गावच्या घराचे काय करायचे?’ हा प्रश्न हमखास वाढला जातो, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे मांडीत आहे.

आटपाडी म्हणजे माणदेश. पूर्वीच्या औंध संस्थानातील आणि आताच्या सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना या मुलखाचा कोरडेपणा मी सांगावयास नको. संस्थानी काळात आजोबांनी हे घर बांधले, तेव्हा माजघराखाली चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद आणि साडेसात फूट उंच असे तळघर काढले. हौस म्हणून नव्हे. एका सुगीचा शाळू पुढची दोन वर्षे पुरवून खाण्याची वेळ या भागात पुष्कळदा येई, म्हणून. काळ्या दगडाच्या भिंती, मातीचे बांधकाम, चुन्याचे दरजे, आणि अंगणाच्या पातळीला दोन झरोके. बाहेर मे महिन्याचे ऊन चाळिशी ओलांडीत असताना आत मात्र चादर पांघरावी असा गारवा. यात जादू काही नाही. जमिनीत आठ-दहा फूट खाली गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक फारसा पोहोचत नाही. वर्षाच्या सरासरीच्या आसपासच तेथले तपमान राहते.

आईचे पैसे

प्रश्न निघाला तो पैशांपासून. २०२४ च्या एप्रिलमध्ये आईच्या पोस्टातील ठेवीची मुदत संपली आणि तीन लाख रुपये हाती आले. आईचे वय चौऱ्याऐंशी. ती म्हणाली, “मे महिन्यात नातवंडं यायची बंद झाली. उकडतं म्हणतात. खालची खोली नीट करा, आणि माझ्या पैशानं करा. मी मेल्यावर वाटून घेण्यापेक्षा मी असताना पोरं तरी येतील.”

ऐकावयास हे गोड होते. पण तेच तीन लाख तिच्या औषधपाण्याचे होते. मागल्या दोन वर्षांत तिला दोनदा इस्पितळात ठेवावे लागले होते. दादा आणि मी, दोघेही निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे. तेव्हा आम्ही दोघांनी ठरविले, की तिची इच्छा मोडायची नाही, पण दीड लाखाच्या वर एक रुपयाही जाऊ द्यायचा नाही. उरलेला दीड लाख पुन्हा तिच्याच नावावर.

दादाचा मुलगा कोईमतूरला गलाईच्या धंद्यात आहे. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यात खानापूर-आटपाडीकडची माणसे साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेली आहेत. तो सुट्टीत आला तेव्हा शहरातला एक ठेकेदार बरोबर घेऊनच आला. मे महिना होता. तळघर खडखडीत कोरडे. ठेकेदाराने टेप लावली आणि दुसऱ्याच दिवशी छापील अंदाजपत्रक पाठविले. ते असे:

न्हाणीघर व शौचालय: ८५,००० रुपये
भिंतींना तक्तपोशी: ८२,५००
लाकडी जिना: ४८,०००
वातानुकूलन यंत्र: ४६,०००
वीज व दिवे: ३२,०००
चकचकीत फरशी: १८,५००
खोटे छत: १७,०००
रंग: १६,०००
ओल थांबविण्याचे काम: १५,०००
किरकोळ: १०,०००
एकूण: ३,७०,०००

पुतण्या मोठ्या मनाने म्हणाला, “काका, वरचे सत्तर हजार मी घालतो.” म्हणजे आजीचे तीन लाख पुरते संपणार आणि वर सत्तर हजार! मी कागद खाली ठेवला आणि एकच भागाकार केला. शंभर रुपयांतले जेमतेम चार रुपये पाण्यासाठी होते. बाकी सारे डोळ्यांसाठी किंवा अंगाच्या सुखासाठी.

दिवाळीच्या तोंडावर पाहा

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तळघराचे अंदाजपत्रक मे महिन्यात करू नये. आमच्याकडे खरा पाऊस परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. ऑक्टोबर २०२० मध्ये या परतीच्या पावसाने सोलापूर-सांगलीचा पट्टा कसा झोडपून काढला, हे पुष्कळांना आठवत असेल. म्हणून मी दादाला म्हटले, “ऑक्टोबरपर्यंत थांबू. तळघराला आपले रडगाणे गाऊ द्या, मग आपण पैशांचे बोलू.”

ऑक्टोबरात गेलो, तर उत्तरेकडच्या भिंतीला पांढरे मीठ फुटलेले आणि कोपऱ्यात चिखल. वहिनी म्हणाल्या, “आमचं लग्न झालं तेव्हा इथं काडीपेटी ठेवली तर पावसाळ्यात पेटत होती. हे आत्ता आठ-दहा वर्षांतलं.”

हे असे का व्हावे? आमच्या गवंडीमिस्त्रींनी अंगणातल्या विहिरीकडे बोट दाखविले. “तात्या, ही हीर पैल्यांदा संक्रांतीला आटत हुती. आता उन्हाळ्यातबी पाणी हाय. टेंभूचं पाणी आलंय न्हवं!”

गोष्ट खरी होती. कराड तालुक्यात टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेण्याच्या योजनेला १९९६ साली सुरुवात झाली. या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीला वर्षानुवर्षे पाणी परिषदा भरल्या. ते पाणी आले, तलाव भरले, डाळिंबाच्या बागा हिरव्या झाल्या. तालुक्याचे भाग्य उजळले, त्याचा एक थेंब आमच्या तळघरातही झिरपला, इतकेच. आजोबांनी हे तळघर कोरड्या जमिनीत बांधले होते. जमीन आता तशी राहिलेली नाही.

जमिनीखालची कोठी आणि पाणी यांचे वैर आपल्या जिल्ह्याला नवे नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. तिथल्या मातीत खोल खणलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. परंतु २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी त्यांत शिरले आणि साठविलेल्या हळदीची नासाडी झाली. पेवाची बांधणी चुकीची नव्हती. ज्या कोरडेपणावर पेव अवलंबून होते, तो एका पुरात गेला.

ओल कोठून येते?

खर्च ठरविण्याआधी ओल कोठून येते हे ठरवावे लागते. त्याची बिनपैशाची युक्ती अशी. दोन फूट लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरावा, त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. खालच्या बाजूला पाणी जमले तर ओल जमिनीतून येते. वरच्या बाजूला जमले तर हवेतून. पावसाळ्यातली दमट हवा गार भिंतीला लागली, की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा भिंतीला फुटतो. अशा वेळी ‘हवा खेळू द्या’ म्हणून भर पावसात झरोके उघडे टाकले, तर ओल कमी न होता वाढते. कोरड्या दिवसांत, रात्रीच्या वेळी ते उघडावेत.

आमच्याकडे पाणी खालच्या बाजूला जमले. भिंतींचे कारण आणखी वेगळे निघाले. वडिलांच्या वेळी कोणी तरी चुन्याचे दरजे झाकून आतून सिमेंटचा गिलावा केला होता. चुना ओल घेतो आणि सोडतो. दगड-मातीच्या भिंतीवर सिमेंट थापले, की आतली ओल कोंडली जाते आणि गिलाव्याचे पोपडे पाडून बाहेर येते. तक्तपोशी लावली असती, तर हे सारे एक-दोन वर्षे झाकले गेले असते, आणि मग लाकडासकट पुन्हा पहिल्यापासून!

माझा भाचा शिकागोला असतो. तिकडे थंडीत जमीन गोठते, म्हणून घराचा पाया साडेतीन फुटांखाली न्यावाच लागतो. इतके खणलेच आहे तर आणखी थोडे खणून तळघर काढावे, हा तिकडचा हिशेब. आपली मराठी मंडळी मग त्याच तळघरात गणपती बसवितात, नाटकाच्या तालमी घेतात. मी त्याला त्याचे अंदाजपत्रक विचारले. पहिली ओळ पाण्याची होती: खड्ड्यातले पाणी उपसणारा पंप. दुसरी ओळ होती खिडकीची. तळघरात कोणी झोपणार असेल, तर संकटात माणूस बाहेर पडू शकेल अशी साधारण पावणेसहा चौरस फूट मोकळी खिडकी तेथील नियमांप्रमाणे लागते. गालिचा आणि दिवे अगदी शेवटी.

आपल्याकडचा नियम तर याहून कडक आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत तळघराचे उपयोग दिले आहेत ते सामान साठविणे, तिजोरीची खोली, यंत्रे, वाहने असे. राहती खोली त्यांत बसत नाही. एकच जिना आणि दोन झरोके असलेल्या खोलीत लेकरे रात्री झोपवू नयेत, हे कळावयास खरे तर नियमावलीचीही गरज नाही. मी पुतण्याला म्हटले, “अरे, दुपार खाली काढा, पुस्तके वाचा, कॅरम खेळा, झोपायला वर या.” शौचालयाचेही तसेच. तळघर गटाराच्या पातळीखाली असते, म्हणजे तेथले मैलापाणी पंपाने वर चढवावे लागते. वीज गेली की काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. जिना चढून पंधरा पावलांवर घरचे शौचालय असताना पंच्याऐंशी हजार कशाला? वातानुकूलन यंत्राविषयी तर आईच म्हणाली, “जिथं चादर लागते तिथं गार हवेचं यंत्र?”

पुतण्या हसला, आणि माझ्यासमोर बसून नवा कागद त्यानेच लिहून काढला.

दुसरे अंदाजपत्रक

अंगणाचा उतार, पन्हाळी, भिंतीबाहेर खडीचा चर: ४६,००० रुपये
सिमेंट काढून ३७५ चौरस फूट भिंतीला चुन्याचे दरजे: ३०,०००
खडी, प्लॅस्टिकचा थर व शहाबादी फरशी, १५४ चौरस फूट: २३,१००
वीज: १२,५००
झरोके मोकळे करणे व हवा बाहेर टाकणारा पंखा: ९,०००
दगडी जिन्याला कठडा: ६,४००
बेरीज: १,२७,०००
अडीअडचणीसाठी शेकडा १५: १९,०५०
एकूण: १,४६,०५०

पहिल्या तीन ओळी ओलीविरुद्धच्या. बेरजेच्या शंभरातले अठ्ठ्याहत्तर रुपये तिकडे गेले. शेवटची शेकडा पंधराची ओळ कित्येकांना चैन वाटते. जुन्या घरात ती चैन नव्हे. दगड फोडल्यावर आत काय निघेल हे कोणी सांगावे?

काम २०२५ च्या जानेवारीत सुरू झाले. मिस्त्रींनी चर एकदम खणला नाही. चार-पाच फुटांचा तुकडा उघडायचा, पाण्याला वाट करून खडी भरायची आणि मगच पुढचा तुकडा. पायालगतची सारी माती एकाच वेळी काढली, तर जुनी भिंत सरकण्याचे भय असते. चुना वाळावयास सहा आठवडे लागले. ही घाई न करण्याची किंमत कागदावर दिसत नाही, पण मजूर इतके दिवस बसवून ठेवता येत नाहीत. म्हणून मधल्या काळात त्यांना दुसऱ्या कामावर जाऊ द्यावे, हे आधीच बोलून ठेवले होते.

अखेरीस खर्च झाला तो असा: पाण्याचे काम ५१,२०० (वाटेत कातळ लागला), चुना ३३,५००, फरशी २३,१००, वीज १३,९००, हवा ८,७००, कठडा ६,४००, एकूण १,३६,८००. दीड लाखातले १३,२०० उरले. ज्यांना वरच्या मजल्यावर सिमेंटचे काम करावयाचे असेल, त्यांना आणखी एक सांगतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुनी अंदाजपत्रके तशीच मान्य न करता नवे दर मागून घ्यावेत.

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात नातवंडे आली. सात मुले दुपारभर खाली. वर वहिनींना कैऱ्या चिरावयास शांतता. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्रभर अवेळी पाऊस कोसळला आणि आमच्या कामाची परीक्षा अपेक्षेच्या आधीच झाली. उत्तरेच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग अजून येतो. मिस्त्री म्हणतात, तेथे एक दरज पुन्हा भरावी लागेल. त्याचे पैसे दादाने वेगळे काढून ठेवले आहेत.

उरलेले १३,२०० आणि मुळातच न मोडलेले दीड लाख, मिळून १,६३,२०० रुपये आईच्या नावे पोस्टात परत ठेवले. पासबुक तिला वाचून दाखविले. तिने विचारले, “पुढल्या मे महिन्यात किती येणार आहेत?” मी म्हटले, “अगं, व्याज किती ते विचारतेस ना?” ती म्हणाली, “व्याज नव्हे रे, पोरं.”