जुन्या रोड सायकलीचे माप

लहान मापाची जुनी रोड सायकल दुरुस्त करून पत्नीसाठी बेतताना चौकटीचा आकडा लहान असला की सायकल बसेलच, असे गृहीत धरले जाते. हा आकडा मात्र बहुधा सीटखालच्या उभ्या नळीची लांबी सांगतो; हात किती लांबवावे लागतील हे ठरवणारा पल्ला (सीटपासून हँडलपर्यंतचे आडवे अंतर) त्यातून कळत नाही. तयार सदऱ्याची उंची कमी केली तरी खांदे जसेच्या तसे राहतात, तसाच हा प्रकार आहे. १९७०च्या दशकातील पुष्कळशा लहान चौकटींनाही चाके मोठ्या मापाचीच, २७ इंची किंवा ७००सी, असत आणि पाऊल पुढच्या चाकाला अडू नये म्हणून आडवी नळी फारशी आखूड करता येत नसे.

पल्ला लांब वाटला की सीट पुढे सरकवली जाते. परंतु सीटची जागा पाय आणि पेडल यांच्या हिशेबाने ठरत असल्याने हातांची सोय स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) आखूड बसवून करणे अधिक योग्य. येथे घाई नडते, कारण जुन्या स्टेमचा दांडा सहसा २२.२ मिमी जाडीचा असला तरी अनेक जुन्या फ्रेंच सायकलींत तो २२ मिमी असतो आणि एवढ्याशा फरकानेही २२.२ मिमीचा दांडा त्यांत शिरत नाही. २७ इंची चाकांऐवजी ७००सी बसवल्यास रिमची कड ४ मिमी खाली जाते, म्हणून ब्रेकचे रबर तेवढे खाली उतरते का, हे खरेदीपूर्वीच मोजावे.